तीन किलोचा वरचा सा

मेहकरच्या त्या लग्नात मतीनच्या पांढऱ्या हातमोज्यावर रक्ताचे दोन थेंब पडले, आणि ते सगळ्यात आधी नवरदेवाच्या मावशीनं पाहिले.

"अवो माय! बाजेवाल्याच्या तोंडातून रक्त येऊन राह्यलं!"

मतीननं हात पाठीमागे लपवला आणि जीभ दातांवरून फिरवली. वरचा पुढचा दात हलला. किंचित हलला, पण हलला.

सलामी नुकतीच संपली होती. देऊळघाटचा न्यू गुलशन ब्रास बँड या सलामीसाठीच ओळखला जायचा. नवरदेव घोड्यावरून उतरला की बँडमास्तर गुलजार चाचा हातातली काठी आडवी धरायचे. ढोल, ताशा, सनई, झांजा सगळं जागच्या जागी थांबायचं. मग एकच ट्रम्पेट एकट्यानं वाजायचं. खालच्या सा पासून सूर पायरी पायरीनं चढत जायचा आणि वरच्या सा वर जाऊन थांबायचा. नवरदेव मांडवाच्या दारातून आत जाईपर्यंत तो सा तसाच टिकवायचा. लोक बुकिंगला यायचे तेव्हा बँडचं नाव विसरायचे, पण "ते सलामीवाले" हे विसरायचे नाहीत. अकरा वर्षं ही सलामी मतीनच वाजवत होता.

लग्नसराई नसली की मतीन देऊळघाटच्या रस्त्यावर स्वतःच्या दुकानात विहिरीवरच्या जळलेल्या मोटरींचं वाइंडिंग भरून द्यायचा. वय बत्तीस, आयटीआय झालेला, हातात सदा तांब्याची तार. आणि वरचा पुढचा डावा दात उजव्यावर चढलेला, बाहेरच्या अंगाला वळलेला. त्या दातामुळे ट्रम्पेटचं माऊथपीस ओठांवर मधोमध बसायचं नाही. चौदाव्या वर्षी त्यानं पहिल्यांदा ट्रम्पेट हातात घेतलं तेव्हाच ते थोडं डावीकडं, नेमकं त्या दातावर टेकवायची सवय लागली. गुलजार चाचा नव्या पोरांना मतीनचा जबडा धरून दाखवायचे. "पाहा बे! हा दात अल्लानं ट्रम्पेटसाठीच घडवला. अशी बैठक दुसऱ्या कोणाच्या तोंडात नाही." मतीननं हे इतक्यांदा ऐकलं होतं की आपल्या सुराचं सगळं श्रेय तो त्या दातालाच देऊन बसला होता.

आणि आता तोच दात हलत होता.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकल काढून चिखलीला गेला. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टर योगिनी अकोल्याहून दर रविवारी तिथं यायच्या. त्यांनी त्याचा वरचा ओठ उलटा करून पाहिला आणि विचारलं, "तोंडानं काय वाजवता?"

मतीननं अजून काहीच सांगितलं नव्हतं. "तुम्हाले कसं समजलं?"

"ओठाच्या आत गोल वळ आहे. आणि तो एका बाजूलाच आहे."

मतीनला इतका आनंद झाला की दुखणं क्षणभर विसरलंच. मोटरचा आवाज ऐकून तो स्वतः बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळलं ते सांगायचा. तसंच कुणीतरी त्याच्या तोंडाकडं बघून त्याचं अर्धं आयुष्य वाचून काढलं होतं.

पण एक्सरे पाहताना डॉक्टरांनी त्याच दातावर पेन टेकवलं. "या दाताभोवतीचं हाड कमी झालंय. बाकीचे दात मागं आहेत, हा एकटाच पुढं उभा राहून सगळा भार घेतोय. असंच चाललं तर चार-पाच वर्षांत हा दात पडेल."

"मंग ट्रम्पेट?"

"पुढचा दात गेला तर ओठ टेकवणार कशावर?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आधी हिरड्यांचे उपचार करू. मग हा दात ओळीत आणू. भार सगळ्यांत वाटला गेला की तो टिकेल."

"ओळीत आणू म्हणजे? बत्तीस वर्षांच्या माणसाचे दात सरकतात?"

"सरकतात की. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. एका बाजूनं अगदी हलका दाब सतत दिला, की पुढचं हाड हळूहळू विरघळतं आणि मागं नवं हाड भरत येतं. मोठ्या वयात जरा सावकाश होतं, एवढंच."

"म्हणजे दात जागा सोडत नाही," मतीन ताठ बसला, "जागाच त्याच्यासंगं चालते!"

"असं कुणी म्हटलं नव्हतं, पण हो, तसंच."

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे तारा: प्रत्येक दातावर धातूची एकेक टिकली चिकटवायची आणि त्यांतून तार ओवायची. दुसरा अलाइनर. हा पारदर्शक प्लास्टिकचा साचा टोपीसारखा दातांवर बसतो आणि दर दोन आठवड्यांनी त्यापुढचा साचा लावायचा. साचा जेवताना काढता येतो, पण दिवसाचे बावीस तास तोंडात हवा. तारा काढता येत नाहीत, पण घड्याळही पाहावं लागत नाही. तुमच्या दातांना दोन्ही चालतील, दीड वर्ष धरा, विचार करून सांगा, असं म्हणून त्यांनी दोन्हींचे नमुने त्याच्या हातात ठेवले.

मतीननं साचा उजेडात धरला, वाकवला, त्यातून खिडकी पाहिली. मग टिकलीच्या खाचेत नख घालून पाहिलं. "मॅडम, आमच्यात मोटर घेताना आधी चालवून पाहतात. हे चालवून पाहता येईन का?"

डॉक्टर हसल्या. असं कुणी विचारलं नव्हतं. पण थोडा विचार करून म्हणाल्या, "येईल. हिरड्या बऱ्या झाल्या की एक आठवडा साधा साचा देते, दात न हलवणारा. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या चार दातांना नुसत्या टिकल्या लावते. वाजवून बघा, मग ठरवा."

परतताना देऊळघाटपर्यंत मतीन हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं सूर धरत आला.

घरी त्याच्या बायकोनं, महनूरनं, सगळं ऐकून एका वाक्यात निकाल दिला. "साचाच घ्या अजी. दिसत नाही ते बरं. तारा लावून फिराल त पोरांचे बाप शाळेत जाऊन राह्यले वाटन." महनूर घरीच मसाला कुटून पाव-पाव किलोच्या पुड्या भरायची, त्यामुळं तिचे निकालही मोजूनमापून यायचे. मतीनलाही ते पटलं. वाजवताना साचा काढायचा, दात जसेच्या तसे, सूर जसाच्या तसा. वाजवून झालं की परत लावायचा. प्रश्नच मिटला.

गुलजार चाचांकडं मात्र प्रश्न मिटला नाही. ते अंगणात ढोलाची दोरी ताणत बसले होते. ऐकता ऐकता त्यांच्या हातातली दोरी सुटली.

"दात सरळ करतं? काऊन? सूर वाकडा येऊन राह्यला का तुहा?"

"चाचा, दात पडन म्हणते डॉक्टर."

"डॉक्टरनं ट्रम्पेट वाजवलं का कधी? अबे, तो दात तुह्या एकट्याचा नाही. बँडचा आहे तो! त्याच्यावर सतरा माणसं जेवतात."

"दातच राह्यला नाही त मग काय जेवाल?"

चाचांनी दोरी पुन्हा हातात घेतली. ताणून गाठ मारली. मग म्हणाले, "पाह्य मतीन. तुळशीच्या लग्नानंतर पहिलं लग्न चिखलीले आहे, गुलाबराव सेठच्या घरचं. त्या दिवशी सलामी जशीच्या तशी आली त पहिली जागा तुही. सा हलला, फाटला, थांबला त दुसऱ्या दिवसापासून हरिओम वाजवन. मंग मले बोलू नको."

हरिओम दुसरं ट्रम्पेट वाजवायचा. मतीनपेक्षा सात वर्षांनी लहान, हुशार, आणि मतीनचा जिगरी. तो तिथंच बसून झांजा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचा पुसणारा हात थांबला होता.

हिरड्या बऱ्या झाल्या आणि साच्याचा आठवडा मे महिन्यातल्या शेवटच्या लग्नांत आला. मतीननं खिशात छोटी वही ठेवली. साचा काढला की वेळ लिहायची, लावला की वेळ लिहायची. पहिल्या दिवशी सकाळी आठला वरातीआधी काढला. वरात दोन तास. मग सरबत, मग चहा, मग पाहुण्यांचा आग्रह म्हणून आणखी चहा. दुपारी मांडवात बसून वाजवणं, मग जेवण, मग पाठवणीचं वाजवणं. परत गाडीत बसल्यावर साचा लावला तेव्हा वहीत दहा तास वीस मिनिटं भरली होती. बावीस तासांचं गणित तिथंच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी तर साचाच गायब झाला. बँडचे लाल कोट बँडचे असतात, माणसांचे नसतात. लग्न संपलं की सगळे कोट लोखंडी पेटीत जातात आणि दुसऱ्या दिवशी ज्याला जो अंगाला बसेल तो तो घालतो. मतीननं वाजवण्याआधी साचा रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता. कोट पेटीत गेला. पेटी चाचांच्या घरी गेली. मतीन रात्रभर घर उलथंपालथं करत राहिला.

तिसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याच्या वाटेवरच्या एका गावात वरात ऐन रंगात आली होती. हरिओमनं घाम पुसायला खिशात हात घातला, रुमाल काढून झटकला, आणि त्यातून काहीतरी टुणकन उडून नवरदेवाच्या घोड्यापुढं पडलं.

"दात! दात पडले कोणाचे तरी!" ताशावाला ओरडला.

सनई थांबली, ढोल थांबला, घोडा मागं सरकला. हरिओमनं वाकून साचा उचलला, उलटासुलटा पाहिला आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मतीनभाई, तुमची कवळी माह्या खिशात काऊन आहे बाप्पा?"

नाचणारी पोरं पोट धरून हसली. गुलजार चाचा हसले नाहीत. काठीनं जमिनीवर एक ठोका दिला आणि म्हणाले, "वाजवा."

टिकल्यांचा आठवडा त्याहून वाईट गेला. चार टिकल्या चिकटवून मतीन आला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ट्रम्पेट लावलं. दहा मिनिटांत ओठाच्या आत ब्लेड फिरल्यासारखं झालं. डॉक्टरांनी दिलेलं मेण टिकल्यांवर दाबून पुन्हा बसला. मेण सुटून ट्रम्पेटात गेलं. सूर ध पर्यंत कसाबसा चढला. नी घोगरा आला. वरचा सा आलाच नाही, नुसती हवा फुसकन निघाली. समोर मोटर न्यायला आलेले नारायणराव शेतकरी म्हणाले, "मतीनभाऊ, हवा गळून राह्यली. वॉशर बदला."

रविवारी तो चिखलीला गेला तेव्हा त्याचा ओठ सुजला होता. "मॅडम, साचा माह्या धंद्यात टिकत नाही अन टिकल्या तोंडात टिकत नाही. दोन्ही फेल."

डॉक्टरांनी ओठ पाहिला, चिरा मोजल्या. मग विचारलं, "ट्रम्पेट तोंडावर किती जोरानं दाबता?"

"दाबतो थोडं. दाबल्याशिवाय वर कसं जाईन?"

"थोडं म्हणजे किती? मी दातावर तार लावणार ती साठ-सत्तर ग्रॅमनं ओढणार. एवढ्यावर दात सरकतो. तुमचं थोडं किती ग्रॅम आहे?"

मतीननं सुजलेल्या ओठावर बोट दाबून पाहिलं. अकरा वर्षं सलामी वाजवली, हजारदा माऊथपीस तोंडाला लावलं, पण ते किती दाबतो हे कधी मोजलं नव्हतं. व्होल्ट मोजले, अँपिअर मोजले, वाइंडिंगचे वेढे एकेक मोजले. आपल्याच तोंडावरचा दाब मोजायचं मात्र सुचलं नाही! टिकल्या तोंडात तशाच ठेवून तो निघाला आणि चिखलीहून बुलढाण्यापर्यंत हाच विचार करत होता. देऊळघाटच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्वतःशीच म्हणाला, "महनूरचा काटा!"

घरात शिरल्या शिरल्या त्यानं मसाला मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा जमिनीवर ठेवला. त्यावर बाटल्यांची तीन झाकणं मांडली, म्हणजे हवा निघायला फट राहील. झाकणांवर ट्रम्पेट उलटं उभं केलं, भोंगा खाली, माऊथपीस वर.

"अजी, काय करून राह्यले? मिरची लागली आहे त्याले!"

"शून्य कर."

महनूरनं बटण दाबलं. ट्रम्पेटाचं वजन वजा होऊन काट्यावर शून्य आलं. मतीन गुडघ्यांवर बसला, नमाजातल्यासारखा खाली वाकला आणि उभ्या ट्रम्पेटाला ओठ लावले.

"मी वाजवतो. तू आकडा वाच."

खालचा सा. "सहाशे," महनूर म्हणाली. "सातशे चाळीस."

ग. प. "दीड किलो. एक आठशे." तिचा आवाज चढायला लागला. ध वर "दोन चारशे!" आणि मतीन चार टिकल्यांचं दुखणं गिळून वरच्या सा कडं झेपावला तेव्हा ती जवळजवळ किंचाळली. "तीन दोनशे! तीन किलो दोनशे, अजी, सोडा! सोडा आधी!"

मतीननं तोंड उचललं. ओठातून रक्त येत होतं, त्यात काट्यावरची मिरची हातावरून ओठाला लागून आग होत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता.

"तीन किलो! महनूर, एका दातावर तीन किलो! तुह्या बारा पुड्या मी रोज त्या दातावर ठेवत होतो!"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"अवो, सापडलं ना! बिघाड सापडला!"

त्याला सगळं एकदम दिसलं. दात वाकडा होता म्हणून माऊथपीस घसरायचं. घसरायचं म्हणून तो दाबायचा. दाबल्यानं सूर लागायचा, म्हणून त्याला वाटायचं सूर दाबण्यातून येतो. आणि गुलजार चाचांना वाटायचं तो दातातून येतो. दोघांनीही ज्याच्यातून सूर येतो त्या हवेकडं कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचे दोन आठवडे रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर घरात तीच तालीम चालली. मतीन खाली वाकून वाजवायचा, महनूर पाटावर बसून आकडे वाचायची. "एक किलोच्या वर गेलं की हात लावते पाठीले," असं तिनं ठरवलं, आणि हात लावते म्हणजे चांगला धपाटा घालायची. पहिल्या दिवशी धपाट्यांचीच सलामी झाली. मग त्यानं ओठांचे कोपरे घट्ट धरायला सुरुवात केली. पोटातून हवा लोटू लागला. दाब एक किलोच्या आत आला. ओठ चिरायचे थांबले. ध स्वच्छ यायला लागला. वरचे दोन सूर अजून येत नव्हते, पण जे येत होते ते भरलेले होते. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, "नवं ट्रम्पेट आणलं का?"

डॉक्टर योगिनींना त्यानं आकड्यांची वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.

"मग काय ठरलं?"

"तारा," मतीन म्हणाला.

"आता दाब कमी झालाय. साचाही चालेल. न वाजवायच्या महिन्यांत बावीस तास भरतील."

"ते मी धरलं होतं, मॅडम. पण साचा काढून वाजवीन त तोंड जुनं होईन. पहिल्याच वरातीत, गर्दीत, घाईत मी पुन्हा तीन किलोवर जाईन, अन मले कळणारही नाही. तिथं काटा नसतो, महनूर नसते. तारा तोंडातच राहतीन. जोर जास्त झाला की ओठ तिथंच सांगन." तो थांबला. "अन कोटाच्या खिशात जाणार नाही."

डॉक्टर हसल्या. "दुसऱ्या कुणालाही मी साचाच सांगितला असता. तुम्हाला नाही."

आषाढ लागला, लग्नं थांबली आणि मतीनच्या तोंडात वर-खाली चोवीस टिकल्या आणि दोन तारा बसल्या. पहिले आठ दिवस खिचडीशिवाय काही चावलं नाही. गिऱ्हाइकं मोटर सोडून त्याच्या तोंडाकडं बघायची. "मतीनभाऊ, स्वतःचंच वाइंडिंग करून घेतलं का?" तो तोंड उघडून सगळ्यांना दाखवायचा. कुठली टिकली कुणीकडं ओढते, तार मऊ का असते, पुढच्या महिन्यात जाड का होते, सगळं बोट लावून समजावायचा. शाळेतले वामनराव मास्तर नुसतं वाढलेल्या वीज बिलाचं कारण विचारायला आले होते, तेही अर्धा तास थांबले. दर महिन्याला तो मोबाइलवर त्याच जागेवरून, त्याच उजेडात दाताचा फोटो काढायचा. ऑक्टोबरपर्यंत वर चढलेला दात निम्म्याहून जास्त ओळीत आला होता.

आणि सूर? तो सरळ रेषेत आला नाही. एक दिवस नी यायचा, तार बदलली की आठ दिवस ध सुद्धा जायचा. दिवाळीच्या आधी वरचा सा पहिल्यांदा लागला, दोन मात्रा टिकला आणि गेला. मतीननं महनूरला इतक्या जोरात हाक मारली की ती हातातली मिरचीची पाटी घेऊनच धावत आली. पण सलामीला दोन मात्रा पुरत नाहीत. नवरदेव चालत आत जायला आठ-दहा मात्रा लागतात.

तुळशीचं लग्न झालं आणि चार दिवसांनी बँड चिखलीला उभा राहिला. सकाळचा अकराचा मुहूर्त होता. गुलजार चाचांनी दोघांना शेजारी उभं केलं, मतीनला आणि हरिओमला. हरिओमच्या हातातही ट्रम्पेट तयार होतं.

"मी उचलणार नाही, मतीनभाई," हरिओम हळूच म्हणाला.

"अटकलो त उचल," मतीन म्हणाला. "लग्न त्याईचं आहे, आपलं नाही."

घोडा थांबला. नवरदेव उतरला. चाचांची काठी आडवी झाली आणि सगळं थांबलं.

मतीननं माऊथपीस ओठांच्या मधोमध टेकवलं. खालचा सा लागला, रे, ग. सूर चढत गेला तशी त्याला गर्दी दिसेनाशी झाली. प वर तार ओठाला लागली. त्यानं दाब सोडला. ध वर पुन्हा लागली, पुन्हा सोडला. नी वर त्याचे दोन्ही हात आपोआप ट्रम्पेट आत ओढायला निघाले. अकरा वर्षांची सवय होती ती. तारांनी ओठाला टोचलं, आणि त्यानं हात तिथंच थांबवले. हवा पोटातून लोटली.

वरचा सा आला. आधी बारीक, लांबून आल्यासारखा. हरिओमनं ट्रम्पेट अर्धं उचललं. मग सा उघडला. गोल, भरलेला, अख्ख्या रस्त्यावर पसरलेला. चाचांनी मान वळवली.

नवरदेव चालायला लागला. चार पावलं झाली. आणि तेवढ्यात कुठूनसा त्याचा पुण्याहून आलेला मित्र गर्दीतून धावत आला आणि त्यानं नवरदेवाला मिठी मारली. दोघं तिथंच थांबले. फोटोवाला म्हणाला, "एक मिनिट, इकडं बघा!" आठ मात्रा झाल्या. दहा झाल्या. पूर्वी या वेळेपर्यंत मतीनच्या ओठातलं सगळं रक्त दाबाखाली पळून जायचं आणि सूर थरथरायला लागायचा. आज ओठ मोकळे होते. हवा अजून शिल्लक होती. बारा. चौदा. फोटोवाल्यानं आणखी एक फोटो काढला. सोळा मात्रांवर नवरदेव दारातून आत शिरला तरी सा चालूच होता. वाजवता येतं हे कळल्यावर मतीनला थांबावंसंच वाटत नव्हतं.

"बस कर बे!" गुलजार चाचा ओरडले. "नवरदेव पोहोचला! आता काय मांडव उडवतं?"

सूर थांबला आणि गर्दीतून आरोळी उठली. हरिओमनं आपलं ट्रम्पेट काखेत मारलं. "चाचा, मी दुसरंच वाजवतो बाप्पा. मले इतका दम नाही."

चाचा मतीनच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांनी त्याचा जबडा धरला, नेहमीसारखा, आणि ओठ वर करून आत पाहिलं. टिकल्या, तार, तार धरणारे इवले रबर, आणि बराचसा ओळीत आलेला दात.

"याच्यात कोणचा दात होता तो?" त्यांनी विचारलं.

मतीननं बोट लावून दाखवला. चाचांनी मान हलवली, जबडा सोडला, आणि काठीनं पुढची जागा दाखवली. "हो पुढं. मांडवातलं वाजवायचं आहे. हरिओम, तू मागून."

मतीन पुढं झाला. ढोलानं ताल धरला, सनईनं सूर दिला, सगळा बँड त्याच्याकडं बघत उभा राहिला. आणि मतीनला वाजवताच येईना. तोंडावर हसू इतकं पसरलं होतं की ओठ माऊथपीसवर मिटतच नव्हते. त्यानं दोनदा ट्रम्पेट लावलं, दोनदा खाली घेतलं. चोवीस टिकल्या उन्हात चकाकत होत्या.

"काऊन थांबला?" चाचा खेकसले.

"एक मिनिट, चाचा," मतीन म्हणाला. "हसू थांबू द्या."